स्लॅबच्या घरातील थंडी: वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यात घर बांधताना सगळा विचार उन्हाळ्याचा होतो आणि ते योग्यही आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर राहतो. मात्र डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागले की हेच घर पहाटे नकोसे होते. परभणीसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत किमान तापमान पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे असे दिवस थोडे असतात, पण घरात वृद्ध, आजारी माणसे किंवा तान्ही मुले असतील तर तेच दिवस कठीण जातात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आमचे घर दुमजली असून आई-वडील वरच्या मजल्यावर राहतात. त्यांची खोली दहा बाय बारा फुटांची आहे आणि वर थेट गच्ची आहे. दिवसा ऊन असूनही रात्री दहानंतर खोलीत इतका गारठा पडतो की वडिलांना झोप लागत नाही. खालच्या मजल्यावर एवढी थंडी जाणवत नाही. कमी वीज लागेल असा कोणता हीटर घ्यावा?
— एक वाचक, परभणी

उत्तर: आपण हीटरविषयी विचारले आहे, पण खालच्या आणि वरच्या मजल्यातील जो फरक आपण टिपला आहे, त्यातच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. काँक्रीटमधून उष्णता सहज आरपार जाते. त्यात आपल्याकडील हिवाळ्याचे आकाश निरभ्र असते आणि अशा आकाशाखालची प्रत्येक उघडी वस्तू रात्रभर आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत राहते. अंगणात उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारसायकलची सीट पहाटे दवाने ओली होते आणि पत्र्याखाली उभी केलेली कोरडी राहते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. उघडी सीट भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, म्हणून तिच्यावर दव जमते. आपल्या गच्चीचेही रात्रभर हेच होत असते. स्लॅब वरून थंड झाला की तो खालच्या माणसाच्या अंगातील ऊब ओढून घेतो, आणि म्हणूनच दारे-खिडक्या बंद असूनही डोक्यावरून गारवा उतरत असल्यासारखे वाटते.

हे आकड्यांत पाहिले म्हणजे पैसे कोठे खर्च करावेत ते ठरवता येते. आपल्या खोलीचे छत सुमारे अकरा चौरस मीटरचे आहे. बाहेर आठ अंश तापमान असताना खोलीत अठरा अंश राखायचे असतील, तर उघड्या स्लॅबमधून साडेतीनशे ते साडेचारशे वॅट उष्णता सतत निघून जाते. दोन बाहेरच्या भिंती, खिडकी आणि फटींतून जाणारी हवा यांचा हिशेब मिळवला तर एकूण गळती हजार वॅटच्या घरात पोचते. अठरा अंशांचा आकडा मुद्दाम घेतला आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातील तापमान किमान एवढे असावे असे म्हटले आहे.

हजार वॅट म्हणजे तासाला एक युनिट, आठ तासांच्या रात्रीला आठ युनिट आणि महिन्याला दोनशे चाळीस युनिट. महावितरणचे दर वापर वाढेल तसे टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे हे युनिट आपल्या नेहमीच्या वापरावर पडून महागड्या टप्प्यात मोजले जातील. युनिटला दहा रुपये धरले तरी महिन्याला चोवीसशे रुपये होतात. कांडीचा हीटर, ब्लोअर आणि तेलाचा रेडिएटर यांपैकी कोणताही घेतला तरी एका युनिटमधून मिळणारी उष्णता सारखीच असते. तेलाचा हीटर वीज वाचवतो असे दुकानात सांगितले जाते, पण ते खरे नाही. तो बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो, त्याचा उजेड पडत नाही आणि झोपेत त्याच्यापासून धोका कमी असतो, हे मात्र त्याचे खरे गुण आहेत.

म्हणून माझा सल्ला असा आहे की आधी आई-वडिलांच्या अंथरुणाचा विचार करावा, नंतर छताचा, आणि हीटरचा सर्वांत शेवटी. विजेवर तापणारे गादीवरचे पांघरूण साठ ते शंभर वॅटचे असते. ते रात्रभर चालू ठेवले तरी पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे त्याच दराने सात-आठ रुपये. झोपण्यापूर्वी अर्धा तास लावून अंथरूण तापवले आणि मग बंद केले तर खर्च जवळजवळ उरतच नाही, आणि वृद्धांसाठी तेच अधिक सुरक्षित आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर असे पांघरूण किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी थेट पायाला लागू देऊ नये. चटका बसला तरी त्यांना कळत नाही. अंगाखाली वाकळ आणि वर घोंगडी ही आपल्याकडची जुनी पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे, पण अनेकजण वर दोन-दोन ब्लँकेटे घेतात आणि खाली पातळ गादी ठेवतात. दबलेल्या पातळ गादीतून खालच्या बाजूने ऊब निघून जाते, म्हणून जाड वाकळ खालीही हवी. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर सरकवावा.

छतासाठी फारसा खर्च न करता लगेच करता येण्यासारखे एक काम आहे. गच्चीवर स्लॅबपासून हात-दोन हात उंचीवर दोऱ्या ताणून ठेवाव्यात. दिवस मावळताना त्यांवर ताडपत्री पसरावी आणि सकाळी ऊन आले की ती गुंडाळून ठेवावी. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री त्याचे तोंड आकाशाकडे उघडे राहत नाही. ताडपत्री दिवसाही तशीच ठेवली तर मिळणारे ऊन अडते, हे लक्षात ठेवावे. ती घट्ट बांधावी, कारण वाऱ्याने फडफडली तर शेजाऱ्यांनाही त्रास होतो.

कायमचा उपाय म्हणजे स्लॅबला उष्णतारोधक थर देणे. गच्चीवर दोन इंच जाडीच्या दाट थर्माकोलच्या किंवा तशाच फोमच्या पाट्या बसवून, त्यांवर जलरोधक थर आणि वर फरशी घातली, तर त्याच खोलीच्या छतातून जाणारी उष्णता चारशे वॅटवरून सत्तर वॅटच्या आसपास येते. हा खर्च एकदाच होतो आणि मे महिन्यात त्याचा उपयोग हिवाळ्यापेक्षा अधिक होतो, म्हणूनच मराठवाड्यात मी तो हीटरच्या आधी सुचवतो. आतून जिप्समचे छत करून वर एक इंच थर लावला तरी गळती तीन-चतुर्थांशाच्या जवळपास कमी होते. मात्र थर्माकोल लवकर पेट घेतो आणि त्याचा धूर घातक असतो. तो आगीला आटोक्यात ठेवणाऱ्या प्रतीचाच घ्यावा, जिप्समच्या मागे पूर्ण झाकलेला असावा, आणि खोलीत नुसत्या पाट्या चिकटवून ठेवण्याचा मोह टाळावा.

एवढे करूनही हीटर लागलाच तर त्यासाठी सोळा अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग असल्याची खात्री करावी. दोन हजार वॅटचा हीटर सुमारे नऊ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. दिव्या-पंख्याच्या बोर्डावरील लहान सॉकेटला किंवा स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डाला तो लावणे म्हणजे वायर जाळणे आहे. उन्हाळ्यासाठी एसी घेण्याचा विचार घरात असेल तर गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी घ्यावा. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो, आणि त्यामुळे एका युनिटमागे तीन युनिटांच्या आसपास ऊब देतो. केवळ हिवाळ्यासाठी तो घेणे परवडणारे नाही.

प्रश्न: आमच्या आजोबांचे माळवदाचे घर हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार असायचे. भूकंपानंतर आम्ही काँक्रीटच्या घरात आलो, पण तो आराम मिळाला नाही. आता या स्लॅबवरच माळवदासारखा पांढऱ्या मातीचा थर टाकावा असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. ते योग्य होईल का?
— एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर: वडीलधाऱ्यांचा अनुभव खरा आहे. माळवदावरील मातीचा फूट-दीड फूट जाडीचा थर उष्णतेला अडवतोही आणि साठवतोही. दुपारी वरून शिरलेली उष्णता आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि रात्रीचा गारवा खाली येईपर्यंत दिवस उजाडतो. जाड भिंतीही तेच काम करतात. पाच इंची स्लॅबमधून उष्णता तीन-चार तासांत पार होते. दिवसभराचे ऊन तो संध्याकाळीच देऊन टाकतो आणि पहाटे, नेमकी गरज असते तेव्हा, त्याच्याजवळ काही उरलेले नसते.

तरीही स्लॅबवर माती टाकू नये, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. चार इंच ओल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे एकशे ऐंशी किलो भरते. वापरात असलेल्या गच्चीसाठी माणसे आणि सामान मिळून जो भार साधारणपणे हिशेबात धरतात तो दीडशे किलोंचा असतो. म्हणजे चार इंचांतच ती मर्यादा ओलांडली जाते. माळवदाएवढी माती टाकली तर वजन पाचशे ते आठशे किलोंवर जाईल. पावसाळ्यात माती पाणी धरून ठेवते, स्लॅबमधील सळया गंजतात आणि वरून काहीच दिसत नाही.

आपण ज्या भागातून लिहिता तेथे हे अधिक विस्ताराने सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांचा जीव मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर कोसळून गेला. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि छतावरचे वजन सर्वांत घातक ठरते. सुरक्षिततेसाठी ज्या घरात आपण आलात, त्याच घराच्या डोक्यावर पुन्हा मातीचा भार ठेवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य होणार नाही.

माळवदाचा गुण वजनाशिवाय मिळवता येतो. वरच्या उत्तरातील दोन इंची उष्णतारोधक पाटी कोरड्या मातीच्या फूटभर थराएवढी, किंबहुना त्याहून अधिक उष्णता अडवते आणि तिचे स्वतःचे वजन चौरस मीटरला दोन किलोंच्या आत असते. वरच्या जलरोधक थराचे आणि फरशीचे वजन मात्र अभियंत्याकडून तपासून घ्यावे. पुनर्वसनातील अनेक घरे आता तीस वर्षांची झाली आहेत, त्यामुळे स्लॅबला ओल किंवा तडे असतील तर त्यांची दुरुस्ती आधी झाली पाहिजे. गच्चीवर पत्र्याचे शेड करण्याची पद्धत आपल्याकडे वाढली आहे. त्यानेही स्लॅब रात्री आकाशापासून झाकला जातो आणि उन्हाळ्यात सावली मिळते. ते चारही बाजूंनी मोकळे ठेवावे, नीट बोल्ट मारून बसवावे आणि ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी घ्यावी.

प्रश्न: आमच्याकडे पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या भरपूर असतात. चुलीतील निखारे घमेल्यात घेऊन रात्री खोलीत ठेवले तर काहीच खर्च न होता ऊब मिळते. धूर पूर्ण थांबल्यावरच आम्ही घमेले आत आणतो. यात काही धोका आहे का?
— एक गृहिणी, सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर: ताई, यात जिवाचा धोका आहे. कृपया आजपासून हे बंद करा.

धूर थांबला म्हणजे धोका संपला, ही समजूत चुकीची आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके जड होते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते आणि झोप येते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही.

पूर्वी घरात शेगडी असायचीच, मग तेव्हा काही का होत नव्हते, असा प्रश्न घरातून येईल. जुन्या घरांच्या कौलांतून, माळवदातील सवण्यांतून म्हणजे छतातल्या झरोक्यांतून आणि दारांच्या फटींतून हवा सतत खेळत होती. तेव्हाही अपघात होत असत, पण स्लॅबचे छत, गिलावा केलेल्या भिंती आणि घट्ट बसणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या यांमुळे आजची खोली त्याहून कितीतरी बंद असते. सवय जुनी राहिली आणि घर बदलले, म्हणून धोका वाढला आहे. थोडी खिडकी उघडी ठेवली तर चालेल, असेही मी म्हणणार नाही, कारण किती उघडी म्हणजे पुरेशी हे कोणालाच सांगता येत नाही.

निखाऱ्यांची ऊब घ्यायचीच असेल तर जागे असताना, अंगणात किंवा मोकळ्या ओसरीत बसून घ्यावी. तुऱ्हाट्यांचा खरा उपयोग पाणी तापवण्यासाठी करावा. रात्री बंबात तापवलेले पाणी रबरी पिशवीत भरून, पिशवी फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवली तर तीच ऊब कोणताही वायू न सोडता आत येते. बंद खोलीत निखारे असताना कोणाचे डोके दुखू लागले किंवा कोणी उठवूनही उठत नसेल, तर दारे उघडावीत, त्या व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळेही हाच वायू साठू शकतो. आपल्या वस्तीतील इतर घरांतही हे जरूर सांगावे.

प्रश्न: मी नोकरीनिमित्त भाड्याच्या खोलीत राहते. घरमालक भिंतीला खिळाही ठोकू देत नाहीत. अशा वेळी काय करता येईल?
— एक वाचक, नांदेड

उत्तर: खिडकी कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. दक्षिणेला असेल तर सकाळी नऊपासून पडदा पूर्ण उघडा ठेवावा आणि दुपारी चारच्या सुमारास, ऊन उतरताच, काच आणि जाड पडदा दोन्ही बंद करावेत. बहुतेक घरांत दिवे लागल्यावर खिडक्या बंद होतात, तोपर्यंत दिवसाची ऊब निघून गेलेली असते. सरकत्या खिडक्यांच्या फटींना चिकटणारी फोमची पट्टी लावता येते आणि घर सोडताना ती काढताही येते. दाराखालच्या फटीत जुन्या साडीची गुंडाळी पुरेशी आहे. फरशीवर सतरंजी असावी.

पलंगाला मच्छरदाणीचे दांडे असतील तर त्यांवर जाड चादर चांदव्यासारखी पसरावी. थंड छत आणि आपले अंग यांच्या मध्ये एक पडदा आला की गारठा लगेच कमी जाणवतो. बाजूंनी हवा मोकळी राहू द्यावी आणि जवळ कोणताही हीटर ठेवू नये. खोलीत स्वयंपाकाचा गॅस असेल तर सगळ्या फटी बुजवू नयेत.

प्रश्न: आम्ही पुढील वर्षी घर बांधणार आहोत. थंडी आणि ऊन या दोन्हींचा त्रास कमी व्हावा यासाठी बांधकामातच काय करावे?
— एक वाचक, जालना

उत्तर: आपण योग्य वेळी विचारले आहे, कारण कागदावर खिडकी हलवायला खर्च येत नाही.

सर्वाधिक लाभ दक्षिणेकडील खिडकीचा आहे. दक्षिण दिशेविषयी मनात अढी असल्याने आपल्याकडे ती बाजू बंद ठेवण्याकडे कल असतो. पण जालन्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे सत्तेचाळीस अंशांवरच असतो, आणि त्यामुळे त्याचे ऊन खिडकीतून खोलीत खोलवर येते. मे महिन्यात तोच सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि दीड फुटाचा छज्जा त्याला पूर्ण अडवतो. म्हणजे एकच खिडकी, हलवाहलव न करता, हिवाळ्यात ऊन घेते आणि उन्हाळ्यात नाकारते. हिवाळ्यातील स्वच्छ दिवशी अशा एका चौरस मीटर काचेतून दोन ते तीन युनिटांएवढी उष्णता फुकट मिळते. वृद्धांची खोली या बाजूला ठेवावी. पश्चिमेची खिडकी मात्र लहान असावी, कारण उन्हाळ्यात संध्याकाळचे तिरपे ऊन छज्ज्याने अडत नाही.

भिंतींसाठी वजनाने हलके असे एएसी (आत हवेच्या बारीक पोकळ्या असलेले सिमेंटचे) ब्लॉक वापरल्यास ते साध्या विटेपेक्षा तीन-चार पटींनी कमी उष्णता वाहून नेतात. परळीच्या औष्णिक केंद्रामुळे आपल्या भागात राखेच्या विटा सहज मिळतात. त्या चांगल्या आहेत, पण उष्णता अडवण्याच्या बाबतीत त्यांच्याकडून मातीच्या विटेपेक्षा फार वेगळी अपेक्षा ठेवू नये. एएसी आणि राखेची वीट यांत अनेकदा गल्लत केली जाते, म्हणून हे स्पष्ट केले. पैसे एकाच ठिकाणी घालण्याएवढेच असतील, तर भिंती साध्या विटांच्या ठेवून गच्चीवर कोब्याच्या खाली उष्णतारोधक थर घालावा. स्लॅब नवा असताना हे काम स्वस्तात होते आणि त्याचा भार आधीच आराखड्यात धरता येतो.

प्रश्न: उन्हाळ्यासाठी गच्चीला पांढरा रंग दिला. त्यामुळेच यंदा घर जास्त थंड पडले असेल का? रंग काढून टाकावा का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: रात्रीच्या गारठ्याला पांढरा रंग जबाबदार नाही. स्लॅब रात्री जी उष्णता आकाशाकडे सोडतो ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात असते, आणि अशा किरणांच्या बाबतीत चुन्याचा पांढरा पृष्ठभाग व काळपट सिमेंट यांत फारसा फरक नसतो. फरक पडतो तो दिवसा. पांढरी गच्ची ऊन परतवते आणि त्यामुळे हिवाळ्यातही स्लॅब कमी तापतो. एवढ्यापुरती आपली शंका बरोबर आहे. पण आपल्या शहरात कडक थंडी काही आठवड्यांची आणि उन्हाळा मार्च ते जूनच्या पावसापर्यंतचा असतो, त्यामुळे रंग काढू नये. डिसेंबरच्या सुरुवातीला गच्चीवर जुन्या गडद रंगाच्या सतरंज्या दिवसा पसरून ठेवण्याचा प्रयोग काहीजण करतात, पण सतरंजी स्वतःच ऊन घेते आणि ते स्लॅबपर्यंत फार थोडे पोचू देते. त्याऐवजी परभणीच्या वाचकांना सांगितलेली, संध्याकाळी पसरून सकाळी काढायची ताडपत्री आपल्यालाही अधिक उपयोगी पडेल.